छान म्हणून गेलेली माणसं

कोपऱ्यावरच्या त्या जागेत याआधी तीन हॉटेलं उघडली आणि तिन्ही बंद पडली, हे जागा घेण्याआधीच ताईंच्या कानावर घालण्यात आलं होतं. घालणारा शेजारचा शिंपी. तो तोंडातल्या टाचण्या न काढता बोलायचा, त्यामुळे त्याचं साधं वाक्यही दबक्या धमकीसारखं वाटायचं.

"पहिल्याने केक-बिस्किटं विकली. दुसऱ्याने मासे. तिसरा तर मोठ्या हॉटेलात शिकून आलेला. सगळ्यांनी गाशा गुंडाळला. जागा बाधते, ताई."

"कोणाला? मालकाला की गिऱ्हाइकाला?"

याचा विचार शिंप्याने केला नव्हता. त्याने टाचण्या एका गालातून दुसऱ्या गालात सरकवल्या आणि शिवायला बसला.

ताईंनी जागा घेतली. भाडं कमी होतं हे कारण होतंच, पण खरं कारण वेगळं होतं. तीन माणसं तीन तऱ्हांचं अन्न विकून एकाच जागी बुडतात, म्हणजे त्याला काहीतरी कारण असणार, आणि कारण आहे म्हटलं की ते कळेपर्यंत ताईंना चैन पडत नसे. नवरा म्हणाला, "दुसऱ्याच्या ठेचेवरून शहाणं व्हावं असं म्हणतात. तू ठेच कुठे लागली ते बघायला निघालीस."

नवरा खिळ्यांच्या कारखान्यात फिटर होता. निवृत्त झाल्यावरही सगळे त्याला फिटरच म्हणत, घरातसुद्धा. ताई त्याच कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये मुख्य स्वयंपाकीण. खिळ्याचं यंत्र तार ओढतं, तोडतं आणि तिच्या टोकावर घाव घालून डोकं काढतं. अशी यंत्रं ओळीने दिवसभर घाव घालत, आणि कॅन्टीन व त्यांच्यामध्ये पत्र्याची एक भिंत. तिथे बोलायचं तर ओरडून, नाहीतर हातांनी. तळवा वर केला की आणखी वाढ, बोटं मिटली की पुरे, कपाळाला हात लावला की साहेब येतोय.

कॅन्टीनच्या ठेकेदाराने ताईंना बिनपगारी रजा दिली होती. "उन्हाळा संपेपर्यंत तुमची जागा ठेवतो," तो म्हणाला होता. "चाललं तुमचं, तर आनंद आहे. नाही चाललं, तर परत या. पण त्यानंतर मला दुसरं माणूस घ्यावं लागेल." फिटरच्या निवृत्तिवेतनात दोघांचं आणि सासूबाईंचं जेमतेम भागलं असतं, हॉटेलचं भाडं त्यात बसणारं नव्हतं. तेव्हा हिशेब सरळ होता. उन्हाळ्याच्या आत माणसं येऊ लागली पाहिजेत, नाहीतर ताईंनी पुन्हा पत्र्याच्या भिंतीमागे जायचं.

हॉटेल छोटं होतं. पुढे लाकडी पट्ट्यांच्या छताची बसायची खोली, मागे स्वयंपाकघर, मध्ये ताटं सरकवायची खिडकी. ताईंनी पदार्थ मोजकेच ठेवले: कांद्याचं सूप, भात आणि रस्सा, भाजलेला मासा, घरचा पाव. पहिल्या दिवसापासून माणसं आली. नवी पाटी दिसली की माणसं येतातच.

कोडं पडलं ते त्यानंतर. आलेला माणूस पोटभर जेवायचा. ताट असं परत यायचं की विसळायची लाज वाटावी. जाताना म्हणायचा, "छान होतं हं." आणि पुन्हा दिसायचा नाही.

ताईंनी आधी स्वतःवर संशय घेतला. रश्शात मीठ कमी करून पाहिलं, मग थोडं वाढवून पाहिलं. ताटं दोन्ही वेळा चाटूनपुसून आली. मग फिटरने खुर्च्यांवर संशय घेतला. तो प्रत्येक खुर्चीवर बसला, पुढे-मागे झुलला, दोन खुर्च्यांचे पाय तासले. नंतर दिवे बदलले. पांढऱ्या उजेडात माणसं आजारी दिसतात असं त्याचं म्हणणं पडलं, म्हणून पिवळे आणले. पिवळ्या उजेडात जेवूनही माणसं छानच म्हणाली आणि गेली.

"रंग बघू या," फिटर म्हणाला.

"भिंती खाऊन कोणी गेलंय का? रंगाचं काय घेऊन बसलात!" ताई म्हणाल्या. "तुम्ही एक लक्षात घेतलं का? उठतात लवकर. शेवटचा घास तोंडात असतो आणि हात पिशवीकडे गेलेला असतो. चहा कोणी मागत नाही."

"घाई असेल."

"सगळ्यांनाच? रविवारीसुद्धा?"

शेवटी ताईंनी लाज सोडली. एक शिक्षिका जेवून बाहेर पडली तशा त्या हात पुसत तिच्या मागोमाग रस्त्यावर गेल्या. शिक्षिका घाबरली. पैसे द्यायचे राहिले की काय, म्हणून पिशवी चाचपू लागली.

"पैसे मिळाले हो! मला फक्त सांगा, तुम्ही परत याल का?"

"येईन की," शिक्षिका म्हणाली.

"खरं सांगा. मी कारखान्यात तोंडं बघून वाढायचे, मला खोटं लगेच कळतं."

शिक्षिकेने पिशवी खांद्याला लावली. मग म्हणाली, "खरं सांगू? कदाचित नाही. आणि का ते मलाही माहीत नाही. जेवण खरंच चांगलं आहे. पण बसवत नाही. डोकं भणभणल्यासारखं होतं. आणि..." ती अडखळली. "राग मानू नका. तुम्ही रागावलेल्या असता का?"

"मी?"

"काय हवं विचारता, तेव्हा."

ताई परत आल्या त्या विचारात पडूनच. फिटरला सांगितलं, तर तो म्हणाला, "डोकं तिचं दुखतं, त्याला आपण काय करणार? वर्गात पोरं डोकं खात असतील." रागावण्याचं मात्र दोघांनाही कळेना. ताईंनी आरशासमोर उभं राहून "काय हवं?" असं म्हणून पाहिलं. चेहरा तर हसरा होता.

उत्तर मिळालं ते सासूबाईंकडून, आणि तेही त्यांना द्यायचं नव्हतं म्हणून उशिरा मिळालं. सासूबाई दुपारी जेवायला हॉटेलात येत. कान गेलेले, उजव्या कानात यंत्र. हे यंत्र त्यांना जीव की प्राण. घरी त्या ते जेवतानाही काढत नसत, कारण आपल्यामागे आपल्याबद्दल कोण काय बोलतं याची त्यांना फार काळजी. पण हॉटेलात टेबलाशी बसल्या की पहिलं काम म्हणजे यंत्र काढायचं, रुमालात गुंडाळायचं आणि झंपरात ठेवायचं. ताईंनी हे रोज पाहिलं होतं. त्या दिवशी, शिक्षिकेचं बोलणं डोक्यात असताना, ते त्यांना पहिल्यांदा दिसलं.

त्यांनी सासूबाईंचा हात धरला. खुणेनेच यंत्र परत कानात घालायला लावलं आणि विचारलं, "आई, घरी नाही काढत. इथेच का काढता?"

"असू दे गं."

"नाही, सांगा."

"तुम्ही एवढ्या हौसेने जागा घेतलीत. मी कशाला नाट लावू? म्हणाल, म्हातारीला मेलीला कुठेच बरं वाटत नाही."

"आई!"

"अगं, तो आवाज सोसत नाही," सासूबाई म्हणाल्या. "बारीक शिट्टी. कानात सुई घातल्यासारखी. तुमची तुम्हाला कशी चालते, देव जाणे."

ताईंनी फिटरकडे पाहिलं, फिटरने छताकडे. दोघांनी श्वास रोखून कान दिले. ताईंना बाहेरची एक गाडी ऐकू आली आणि सुपाचं रटरटणं. बस.

"मला नाही येत," ताई म्हणाल्या.

"मलाही नाही. आई, तुझं यंत्रच बिघडलं असेल."

"माझं यंत्र ठीक आहे. तुमचेच कान गेलेत, खिळे ठोकून ठोकून!" सासूबाई कडाडल्या. "बहिरी मी, आणि ऐकायचंही मीच!"

पुढचं काम फिटरच्या हातचं होतं. यंत्र कुठे कुरकुरतं ते शोधण्यात त्याचा जन्म गेला होता. फक्त यावेळी कान उसने घ्यावे लागणार होते. त्याने आईला खोलीच्या मधोमध खुर्ची दिली. म्हणाला, "मी एकेक बंद करत जातो. तू सांगत जा." सासूबाईंनी पदर सावरला. फार वर्षांनी कोणीतरी त्यांना काम दिलं होतं.

"फ्रिज बंद!"

"आहे."

"दिवे बंद!"

"आहे. आणि आता दिसतही नाही."

"धुराचा पंखा बंद!"

सासूबाईंनी मान तिरकी केली आणि आयुष्यात पहिल्यांदा मुलाकडे कौतुकाने पाहिलं. "गेला," त्या म्हणाल्या. "लाव बरं पुन्हा? आला. बंद कर? गेला!" आणि मग त्यांना खेळच मिळाला, चार-पाच वेळा लाव-बंद करायला लावलं तेव्हा कुठे मन भरलं.

धुराचा पंखा स्वयंपाकघरात होता, पण त्याची पत्र्याची नळी बसायच्या खोलीच्या छतावरून रस्त्याकडे जात होती. फिटरने शिडी लावली, दोन पट्ट्या काढल्या आणि डोकं आत घातलं. बराच वेळ त्याचे फक्त पाय दिसत होते. खाली आला तेव्हा हातात एक खिळा होता. पहिल्या हॉटेलवाल्याचं छत बसवताना सुताराने हा खिळा गरजेपेक्षा लांब घेतला होता. तो पट्टी ओलांडून नळीच्या पत्र्यात घुसला होता. पंखा लागला की हवा त्या फटीतून जोराने जायची आणि पत्र्याची कड शीळ घालायची. स्वयंपाकघरात पंख्याच्याच घरघरीत ती बुडून जायची. म्हणजे तिन्ही मालक जिथे उभे राहत, तिथे ती नव्हतीच. गिऱ्हाईक जिथे बसायचं, तिथे मात्र होती. तीही इतकी बारीक आणि सारखी, की आवाज चालू आहे हे कळायचं नाही, फक्त उठून जावंसं वाटायचं.

"आपलाच आहे," फिटर खिळ्याचं डोकं निरखत म्हणाला.

यात विशेष काही नव्हतं. त्या भागात ठोकलेला प्रत्येक खिळा त्याच कारखान्याचा असायचा. पण ताईंना हसू आवरेना.

फट बुजवली. आता गंमत अशी की दुरुस्ती झाली हे त्या दोघांना ऐकून कळणं शक्यच नव्हतं. त्यांना खोली आधी होती तशीच. म्हणून ताई खिडकीशी उभ्या राहून माणसांकडे पाहू लागल्या. पहिल्या दिवशी एक जोडपं आलं. नवऱ्याने खुर्चीच्या पाठीवर हात टाकला. बाईने चप्पल अर्धी काढली. जेवण झाल्यावर दोघं उठले नाहीत. ताईंनी फिटरला कोपराने ढोसलं. बाईने वळून पाहिलं आणि विचारलं, "चहा मिळेल?"

"मिळेल!" ताई म्हणाल्या, आणि ती बाई दचकली.

माणसं बसू लागली. काही परत आली. शिक्षिका आली; तिला ताईंनी स्वतः बोलावून आणलं होतं. एक टोपी घालणारे गृहस्थ रोज येऊ लागले, पेपर घेऊन. एक तरुण बाई यायची ती दर वेळी रस्सा मागवायची आणि मासा खाणाऱ्यांच्या ताटाकडे बघत बसायची. ताई खिडकीमागून हे सगळं टिपत आणि फिटरला सांगत. त्यांच्या मते हळू आवाजात.

एकच गोष्ट त्यांना खटके. माणसं मधूनच हसत. विनोद कोणी केलेला नसे. टोपीवाले पेपरामागे हलत. शिक्षिका रुमाल तोंडाला लावी. ताईंना वाटलं, पुन्हा काहीतरी आहे. पुन्हा शोध घ्यावा लागणार.

त्याचं उत्तर टोपीवाल्यांनीच दिलं. एके दुपारी ते खिडकीशी आले आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "ताई, टोपीखाली टक्कल आहे. तुमची पैज फिटर जिंकले."

ताईंच्या हातातली पळी तशीच राहिली. "तुम्हाला... ऐकू आलं?"

"मला एकट्याला नाही," टोपीवाले म्हणाले, आणि त्यांनी बाजूला होऊन खोली दाखवली. सगळी टेबलं इकडेच बघत होती. मासा न मागवणाऱ्या बाईने हात वर केला. "आणि मला मासा आवडतो हो. काट्यांची भीती वाटते. काढून द्याल का?"

शिक्षिकेला ताईंच्या चेहऱ्यावर राग का दिसला होता, तेही आता उलगडलं. राग चेहऱ्यावर नव्हताच. तीस वर्षं यंत्रांवरून बोललेला आवाज होता तो. शिट्टीच्या खाली तो नुसता ओरडल्यासारखा वाटायचा. शिट्टी गेल्यावर त्यातले शब्द कळायला लागले. खिडकीमागे बोललेलं सगळं. पैजा, सासूबाईंची तक्रार, रस्सा पातळ झाल्यावरून फिटरची झालेली खरडपट्टी, सगळं.

ताई दोन दिवस खिडकीशी फिरकल्या नाहीत. स्वयंपाकघरात त्यांनी कारखान्यातल्या खुणा सुरू केल्या. तळवा वर, बोटं बंद, दोन बोटं म्हणजे दोन ताटं. काम नीट चाललं. पण पहिल्याच दिवशी शिक्षिकेने पाव तोडता तोडता शेजारच्या टेबलाला विचारलं, "आज भांडण झालंय का त्यांचं?" आणि टोपीवाल्यांनी काळजीने मान हलवली.

त्याच आठवड्यात ठेकेदार आला. उन्हाळा संपत आला होता. कारखान्याच्या ऑफिसात बसणारा माणूस, कान शाबूत, बोलणं मऊ. भरल्या खोलीतलं कोपऱ्याचं टेबल त्याने घेतलं, सूप मागवलं आणि खिडकीतून वाकून ताईंच्या कानाशी म्हणाला, "ताई, मी दुसरी बाई बघून ठेवलीय. आज तिला हो किंवा नाही सांगायचंय. जेवून होईपर्यंत विचार करा."

ताईंनी फिटरला खुणेने मागे बोलावलं. खुणेनेच सांगायला गेल्या. पण कारखान्याच्या खुणांत 'आणखी' होतं, 'पुरे' होतं, 'साहेब येतोय' होतं. 'मला परत जायचं नाही' याला खूण नव्हती. तिची कोणाला कधी गरजच पडली नव्हती.

"आज सांगायचंय त्याला," ताई म्हणाल्या, हळू.

"काय?" फिटर म्हणाला.

"आज सांगायचंय!"

"मग येते म्हणून सांग! पगार बांधलेला आहे तिथे. इथे काय, आज माणसं आहेत, उद्या नाहीत."

"येतायत की! बघताय ना?"

"नव्याचे नऊ दिवस गं! पावसात कोण येणार? टोपीवाला रोज येतो, पण एका सुपावर दुपार काढतो. असल्या गिऱ्हाइकांवर भाडं निघतं का?"

"निघेल!"

"आणि नाही निघालं तर?"

"तर मी सांगेन ना, चुकले म्हणून! पण अहो, तिथे तीस वर्षं वाढलं मी. कोणी जेवून काय म्हणालं ते एकदा तरी ऐकू आलं का? तोंडं हलायची, एवढंच दिसायचं. छान म्हणत होते की शिव्या देत होते, मला माहीत नाही! इथे ती पोरगी काट्यांना घाबरते हे मला कळलं. मला अजून कळून घ्यायचंय. तुम्हाला भीती वाटते ना? मलाही वाटते. पण मी परत जाणार नाही!"

फिटरने पातेल्यावरचं झाकण उचललं, पुन्हा ठेवलं. "मग मासे आणायला गाडी लागेल," तो शेवटी म्हणाला. "रोज हातात पिशव्या धरून नाही आणणार मी."

ताई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांना जाणवलं की बाहेरून चमच्यांचा आवाज येत नाहीये. एवढ्याशा शांततेची जाण त्यांच्या कानांनाही आली.

त्या वळल्या. खोलीतलं कोणी जेवत नव्हतं. टोपीवाल्यांनी सुपाची वाटी लाजेने बाजूला सारली होती. शिक्षिका उठून खिडकीशी आली आणि मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून तिने विचारलं, "म्हणजे उद्या उघडं आहे ना?"

ताईंनी पदराने तोंड पुसलं. "उद्या मासा नाही मिळणार," त्या म्हणाल्या. "गाडीचं जमेपर्यंत. बाकी सगळं आहे."

"मी दोन सुपं घेईन," टोपीवाले म्हणाले.

कोपऱ्यात ठेकेदाराने उरलेला पाव सुपात बुडवून खाल्ला, हात पुसले आणि उठताना दोन शब्द बोलला. त्याच्या नेहमीच्या मऊ आवाजात.

"काय म्हणाला?" फिटरने स्वयंपाकघरातून ओरडून विचारलं.

ताईंनाही ऐकू आलं नव्हतं. त्यांनी खोलीकडे पाहिलं. तेव्हा चारही टेबलांवरून एकदम उत्तर आलं, आणि पंख्याच्या घरघरीवरून ते फिटरपर्यंत नीट पोहोचलं:

"छान होतं म्हणाला! आणि परत येईन म्हणाला!"